‘विंडोज टाकून आणा’ म्हणाले तर

थंडीचे दिवस होते. आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी संध्याकाळी काखेत लॅपटॉप आणि मुठीत डोंगल घेऊन दारात उभे राहिले. लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा. नातवानं सुट्टीत येऊन त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं होतं आणि तो पुण्याला परत गेला होता. मशीन छान पळत होतं, फक्त नेट नव्हतं. मग गुरुजींनी खणातून मुलाचं जुनं यूएसबी डोंगल शोधून काढलं, त्यासाठी नवं सिम घेतलं, रिचार्ज मारलं आणि कंपनीच्या दुकानात जाऊन बसले. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “काका, यात आपलं सॉफ्टवेअर चालत नाही. विंडोज टाकून आणा, मग ॲक्टिव्हेट करून देतो.” शेजारच्या कॉम्प्युटरवाल्यानं विंडोज टाकायचे सातशे रुपये सांगितले आणि वर म्हणाला, “आतलं सगळं उडेल बरं का.”

गुरुजींनी गावाच्या इतिहासाची टिपणं त्याच लॅपटॉपात ठेवली होती. ‘उडेल’ हा शब्द ऐकून ते सातशे रुपये खिशातच ठेवून माझ्याकडे आले.

ही वेळ आता पुष्कळांवर येणार आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे, अजून धडधाकट असलेले लॅपटॉप कागदोपत्री बाद झाले. अशा मशीनवर उबुंटू, मिंट किंवा आपल्या सी-डॅकनं केलेलं बॉस, यांपैकी कुठलंही लिनक्स टाकलं की ते आणखी चार-पाच वर्षं आरामात काढतं. अडतं ते नेटपाशी. कंपनीला फोन केला की उत्तर मिळतं, “सर, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.” बहुतेक लोक तिथेच फोन ठेवतात. तो ठेवू नका, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

‘सपोर्ट नाही’ आणि ‘चालणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कस्टमर केअरच्या मुलापुढे पायऱ्या लिहिलेला एक मजकूर असतो. त्यात विंडोज असतं, फार तर मॅक असतं. तिसरं नाव आलं की त्याच्या पायऱ्या संपतात. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्याला शिकवलेलंच तेवढं आहे. पण त्याच्या पायऱ्या संपल्या म्हणून आपण आपलं मशीन फॉरमॅट करायचं, हेही बरोबर नाही.

मुळात सेवा ‘ॲक्टिव्हेट’ होते ती कुठे? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मुळीच नाही. आधार दाखवलं, फोटो काढला, पडताळणी झाली की कंपनी स्वतःच्या नेटवर्कमध्ये तुमचं सिम चालू करते. तुमच्या टेबलावर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे याची त्या यंत्रणेला खबरही नसते. महावितरणचा माणूस मीटर जोडून जातो तेव्हा घरातला मिक्सर कुठल्या कंपनीचा आहे असं विचारतो का? तसंच हे. म्हणून नवीन सिम आणलं की ते आधी साध्या स्मार्टफोनमध्ये घाला. पडताळणीचा कॉल किंवा मेसेज येईल तो तिथे घ्या, फोनचं वायफाय बंद करून एखादी वेबसाइट उघडून बघा. उघडली की सेवा चालू आहे आणि रिचार्ज लागलेला आहे हे पक्कं झालं. आता काउंटरवरच्या मुलाशी तुमचं काही काम उरलं नाही.

इथे एक खबरदारी घ्या. हल्लीचं सिम नखाएवढं असतं आणि जुन्या डोंगलची खाच मोठी असते. त्यासाठी प्लास्टिकचं ॲडॉप्टर मिळतं. ते सिम बसवल्याशिवाय रिकामं आत सारू नका. आतल्या पिना त्यात अडकतात आणि ओढून काढताना वाकतात. चांगली डोंगलं अशी कामातून गेलेली मी पाहिली आहेत.

आता डोंगलकडे वळू. या छोट्या वस्तूचा स्वभाव एकदा समजला की निम्मा गोंधळ संपतो. बाजारात थ्रीजीची डोंगलं आली तेव्हा कंपन्यांपुढे प्रश्न होता, गिऱ्हाइकाला ड्रायव्हरची सीडी वेगळी कशी द्यायची? त्यांनी युक्ती केली. डोंगल लावताक्षणी ते कॉम्प्युटरला ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगतं. विंडोज ती खोटी सीडी उघडतं, आतलं सॉफ्टवेअर बसवतं आणि मग ते सॉफ्टवेअर डोंगलला इशारा करतं, ‘आता सोंग पुरे, मोडेम हो.’ लिनक्सला ते विंडोजचं सॉफ्टवेअर चालवता येत नाही, म्हणून इशारा जात नाही आणि डोंगल सीडीच्या सोंगातच बसून राहतं. डेस्कटॉपवर सीडीचं चित्र दिसतं, माणूस त्यावर क्लिक करून करून दमतो आणि ‘लिनक्समध्ये डोंगल चालत नाही’ असं ठरवून टाकतो.

तो इशारा देण्यासाठी लिनक्समध्ये ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम फार पूर्वीपासून आहे. उबुंटू आणि मिंटमध्ये तो बहुधा आधीच बसवलेला असतो. डोंगल लावा आणि अर्धा मिनिट नुसते थांबा. लावल्या लावल्या काढू नका, ही घाई पुष्कळांना नडते. मग टर्मिनल उघडून ‘एल-एस-यू-एस-बी’ ही पाच अक्षरं लहान इंग्रजी लिपीत टाइप करा आणि एंटर दाबा. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. प्रत्येक ओळीत दोन भागांचा क्रमांक असतो. पहिला भाग १२डी१ असेल तर वस्तू ह्वावेची, १९डी२ असेल तर झेडटीईची. आपल्याकडे विकली गेलेली पुष्कळशी डोंगलं या दोघांनीच केलेली आहेत, वर शिक्का कुठल्याही मोबाइल कंपनीचा असो. दुसरा भाग लिहून ठेवा आणि अर्ध्या मिनिटानं तीच आज्ञा पुन्हा द्या. जुन्या ह्वावे डोंगलांत आधी १४४६ दिसतं आणि सोंग उतरलं की तो आकडा बदलतो. आकडा बदलला म्हणजे मोडेम जागं झालं. मॉडेलनुसार हे आकडे वेगळे असतील, आपल्याला फक्त बदल झाला का एवढंच बघायचं आहे.

बदल झालाच नाही तर डोंगल थेट लॅपटॉपच्या भोकात लावा. लांब वायर आणि स्वस्तातला हब दोन्ही बाजूला ठेवा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतच वीज मिळते आणि रेंज शोधताना डोंगल तेवढी सगळी ओढतं. हबवर चार वस्तू असल्या की ते अर्धमेलं होतं. शिवाय त्या खोट्या सीडीत कधीकधी ‘लिनक्स’ नावाचा फोल्डर असतो. त्याचा मोह आवरा. त्यातला प्रोग्राम तुमच्या आत्ताच्या लिनक्सपेक्षा कितीतरी जुना असतो, तो ॲडमिनचा पासवर्ड मागतो आणि असलेली घडी विस्कटून ठेवतो.

मोडेम जागं झालं की पुढचं काम सोपं आहे. वर नेटवर्कच्या चिन्हात ‘मोबाइल ब्रॉडबँड’ असा पर्याय येतो. त्यात देश भारत, मग कंपनी, मग प्लॅन असं विचारत जातं. यादीत नावं जुनी दिसतील. काही कंपन्या बुडाल्या, काही एकमेकींत विरघळल्या, त्याकडे दुर्लक्ष करा. खरी महत्त्वाची जागा एकच, एपीएनची. एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव. बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, व्हीआयसाठी नुसते तीन ‘डब्ल्यू’. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. युजरनेम आणि पासवर्ड मोकळे सोडा. डायल करायचा नंबर विचारलाच तर तारा, नव्व्याण्णव, हॅश. शंका असेल तर तेच सिम फोनमध्ये घालून फोनच्या सेटिंगमधलं एपीएन बघा आणि तसंच्या तसं उतरवून घ्या. याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

गुरुजींच्या डोंगलवर मी हे सगळं केलं. दोन संध्याकाळी गेल्या. आकडा बदलला, मोडेम जागं झालं, ‘जोडलं गेलं’ असा संदेशही आला. आणि तरी वर्तमानपत्राचं एक पान उघडायला सात-आठ मिनिटं लागत होती. मी लिनक्सची फाइल उघड, दुसरी फाइल बदल, असं करत राहिलो. मनातल्या मनात काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं मला पटू लागलं होतं, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी गुरुजीच म्हणाले, “याचा दिवा पूर्वी निळा असायचा. आता हिरवाच राहतो.”

उत्तर तिथेच होतं. त्या जातीच्या डोंगलात हिरवा दिवा म्हणजे टूजी आणि निळा म्हणजे थ्रीजी. डोंगल थ्रीजीच्या काळातलं, आणि सिमच्या कंपनीनं थ्रीजी केव्हाच गुंडाळलं होतं. उरलं होतं टूजी, बैलगाडीच्या चालीचं. विंडोज टाकलं असतं तरी दिवा हिरवाच राहिला असता. सातशे रुपये गेले असते, टिपणं गेली असती आणि पान उघडायला तीच सात-आठ मिनिटं लागली असती.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, लिनक्सशी झगडायच्या आधी डोंगलचा जमाना बघा. एअरटेलनं थ्रीजी २०२० मध्ये बंद केलं. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली तीच मुळी फोरजीवर, तिला टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. त्यामुळे थ्रीजी डोंगलात जिओचं सिम घातलं तर रेंजच मिळणार नाही, मग मशीन कुठलंही असो. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट अशी सीडीएमएवाली डोंगलं खणात असतील तर ती आठवण म्हणून ठेवा. हॅश सातशे सत्याहत्तर डायल करून नेट लावायचो तो काळ गेला, ते नेटवर्कच आता नाही. शिवाय एखाद्या कंपनीनं विकलेलं डोंगल बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेलं असतं. दुसरं सिम घातलं की ते कुलपाचा कोड मागतं. ओएलएक्सवर कुणी दोनशे-तीनशे रुपयांत डोंगल देत असेल तर ते स्वस्त का आहे याची दोन-तीन कारणं आता तुम्हाला ठाऊक आहेत.

मग गुरुजींचं नेट कसं लागलं? दोन मिनिटांत. त्यांच्या खिशातला साधा ॲन्ड्रॉइड फोन चार्जरच्या वायरनं लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ चालू केलं. लिनक्सला फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो. ना ड्रायव्हर लागतो, ना सीडी, ना एपीएन. आधी हेच का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. डोंगल समोर होतं म्हणून मी डोंगलच दुरुस्त करत बसलो, दुसरं काय! एक मात्र बघून घ्या, काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन चार्ज होतो पण टिथरिंगचा पर्याय फिकटच राहतो. फोनबरोबर आलेली मूळ वायर वापरा. आणि जुन्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्समध्ये दिसत नसेल, काही ब्रॉडकॉम चिपांचं असं होतं, तर हाच फोन जोडून आवश्यक ड्रायव्हर उतरवून घेता येतो. नेट लागायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरला नेट हवं, हा पेच असाच सुटतो.

आणखी एक किरकोळ गोष्ट सांगतो, जिनं मला स्वतःला अर्धा दिवस फिरवलं आहे. जुन्या मशीनमधला नाण्याएवढा सेल मेला की लॅपटॉपची तारीख मागे जाते, कधी २०१० तर कधी त्याहून मागे. मग नेट जोडलेलं असूनही प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते आणि उघडत नाही. सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि तुमचं मशीन अजून २०१० मध्ये बसलेलं असतं. नेटच्या नावानं बोटं मोडण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. नवा सेल शंभराच्या आत येतो.

घरी कायमचं नेट घ्यायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे. ज्या जोडणीचा शेवट राउटरमध्ये होतो ती घ्या. एअरफायबर नावानं जे बिनतारी ब्रॉडबँड २०२३ पासून मिळू लागलं आहे त्यात गच्चीवर किंवा खिडकीशी रिसीव्हर बसतो आणि घरात राउटर. सिम, एपीएन, लॉगिन, जे काय आहे ते सगळं त्या डब्यांच्या पोटात. तुमच्या लॅपटॉपला दिसतं ते नुसतं वायफाय, मग आत विंडोज असो की लिनक्स. प्रवासात न्यायचं असेल तर बॅटरीवर चालणारा खिशातला हॉटस्पॉट घ्या, यूएसबी डोंगल घेऊ नका. बसवायला आलेला मुलगा ‘सॉफ्टवेअर टाकायला लॅपटॉप द्या’ म्हणाला तर त्याला तुमचा फोन द्या, राउटरची सगळी सेटिंग फोनच्या ब्राउझरमधून होतात.

गावच्या केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्यांनी फक्त एवढं बघावं. काही ठिकाणी तुमच्या मशीनचा मॅक क्रमांक त्याच्याकडे नोंदवलेला असतो. एकाच मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं तर तो बदलत नाही, पण मशीन किंवा राउटर बदलला तर त्याला कळवावं लागतं. आणि त्याचा खास डायलर प्रोग्राम विंडोजचाच असेल तर विचारा, “ही पीपीपीओई आहे का?” असेल तर युजरनेम आणि पासवर्ड पुरे, लिनक्समध्ये तो पर्याय तयार असतो. हा एक शब्द कानावर पडला की समोरच्याचं बोलणं एकदम बदलतं, हे मी अनुभवानं सांगतो.

बोलण्यावरून आठवलं. कस्टमर केअरशी बोलताना पहिल्याच वाक्यात ‘माझ्याकडे लिनक्स आहे’ असं सांगू नका. यात फसवणूक काही नाही, त्या माहितीचा त्या टप्प्यावर उपयोगच नसतो. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. माझ्या सिमवर डेटा चालू आहे का? माझ्या पत्त्यावर फोरजीची रेंज आहे का? एपीएन काय आहे? हे सगळं त्यांच्या अखत्यारीतलं आहे आणि त्याची उत्तरं त्यांनी द्यायलाच हवीत. सेवा फोनमध्येसुद्धा चालत नसेल तर १९८ वर रीतसर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक मागून घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. निकालानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला फी नसते आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांत हे लिहिलेलं आहे. मात्र सिम फोनमध्ये चालतं आणि लॅपटॉपमध्ये चालत नाही, या मुद्द्यावर तक्रार टिकणार नाही. ती लढाई आपली आपल्यालाच करावी लागते.

आणि उलट दिशेनं फोन आला तर? “तुमचं सिम ॲक्टिव्हेट करायचं आहे, हे ॲप टाका, स्क्रीन आम्हाला दाखवा.” असा फोन कंपनीचा नसतो. सिम चालू करायला तुमची स्क्रीन कुणालाही बघावी लागत नाही, हे वर आलंच आहे. ओटीपी सांगू नका, फोन ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला कळवा.

दुकानदार मित्रांना एक सांगणं आहे. चारही कंपन्यांची एपीएन एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या मागे लावा. ‘विंडोज टाकून आणा’ म्हणण्याऐवजी तो पुठ्ठा दाखवलात तर गिऱ्हाईक पुढचं रिचार्जही तुमच्याकडेच मारेल.

आणि सुट्टीत गावी येऊन आजोबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून जाणाऱ्या नातवांनो, टाकता हे उत्तम करता. पण एसटीत बसण्याआधी त्याच मशीनवर, त्यांच्याच फोननं, त्यांच्याच हातून एकदा नेट लावून घ्या. तुम्ही लावून दाखवू नका, त्यांना लावू द्या. कुठलं चिन्ह दाबायचं, फोनमध्ये कुठे जायचं, हे त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत कागदावर उतरू द्या. गुरुजींच्या नातवाला मी फोनवर हेच बोललो, जरा रागानंच. तो म्हणाला, “पण काका, माझ्यासमोर तर वायफाय लागलं होतं.” लागलं होतं, कारण तो स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून बसला होता, आणि जाताना तो फोन खिशात घालून पुण्याला घेऊन गेला.